जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मनोविकारतज्ज्ञ नेमकं करतो काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मानसोपचारातली एमडी संपत आली आहे. मराठवाड्यातल्या एका जिल्ह्यात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात कंत्राटी जागा निघाली आहे. बरोबरचे म्हणतात, ‘समुपदेशन सायकॉलॉजिस्ट करतो, घरभेटी सोशल वर्कर करतो, गावात आशाताई फिरते. तू दिवसभर नुसत्या गोळ्या लिहिणार.’ हे खरं आहे का, आणि असेल तर एवढं शिकून तिथे जायचं कशाला, असं तुम्ही विचारलंय.

या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे उत्तर लांबणार.

गोळ्या लिहाव्या लागतात, आणि चांगल्या लिहिता येणं ही लहान गोष्ट नाही. पण टेबलासमोर येऊन बसलेला पेशंट हा तुमच्या जबाबदारीचा सोपा भाग. जो आलाच नाही, जो दोनदा येऊन बंद झाला, ज्याला प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरने ‘टेन्शन आहे’ म्हणून झोपेची गोळी देऊन वाटेला लावला, जो विष पिऊन वाचला आणि चौथ्या दिवशी घरी गेला, तो सगळा जिल्हा तुमचा पेशंट आहे. इथला मनोविकारतज्ज्ञ स्वतः किती पेशंट तपासतो यावर त्याचं काम मोजू नये. त्याच्यामुळे इतर किती जणांना धीराने आणि नीट उपचार करता येतात, आणि सुरू झालेले उपचार किती टिकतात, यावर मोजावं.

साधा हिशेब करा. २० लाख वस्तीचा जिल्हा धरा, त्यात साडेतेरा लाख प्रौढ. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत जी राष्ट्रीय पाहणी केली तिच्यात सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला. महाराष्ट्र त्या पाहणीत नव्हता, पण अंदाजाला आकडा चालतो. म्हणजे आपल्या जिल्ह्यात १ लाख ३५ हजारांच्या वर माणसं. प्रत्येकाला वर्षातून दोनदा, दहा-दहा मिनिटं द्यायची म्हटली तरी ४५ हजार तास होतात. एक डॉक्टर वर्षाला फार तर दोन हजार तास काम करतो. तुम्ही जेवायला न उठता ओपीडी केलीत तरी हा हिशेब जुळणार नाही. त्यामुळे ‘मी जास्तीत जास्त पेशंट बघेन’ हा निश्चय कितीही प्रामाणिक असला तरी त्याने जिल्ह्याचं काम होत नाही.

ही गोष्ट नवी नाही. १९७० च्या दशकात बंगळुरूजवळ सकलवाडा इथे निम्हान्सने आणि हरियाणातल्या रायपूर राणी इथे चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेने खेड्यात जाऊन हेच तपासून पाहिलं, की गावचा आरोग्य कर्मचारी आणि साधा एमबीबीएस डॉक्टर, थोडं शिकवल्यावर, मानसिक आजार ओळखू आणि हाताळू शकतो का. त्याही आधी अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी नातेवाइकांना पेशंटबरोबर आवारात तंबूत राहायला बोलावलं होतं. १९८२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आला, पुढे कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यात प्रत्यक्ष नमुना उभा राहिला आणि त्यावरून १९९६ मध्ये जिल्हा कार्यक्रम सुरू झाला. मूळ कल्पनेत मनोविकारतज्ज्ञ शिकवणारा, अडचणीच्या केसेस घेणारा आणि मागे उभा राहणारा होता. व्यवहारात त्याला जिल्हा रुग्णालयातल्या एका खोलीत टेबल मिळालं आणि कार्यक्रम त्या टेबलापाशी थांबला. याला कारण आहे. वर जाणाऱ्या अहवालात नवे किती, जुने किती, एवढंच मोजलं जातं, आणि जे मोजलं जातं तेच माणसं करत बसतात.

म्हणून माझा पहिला सल्ला: तुमच्या ओपीडीचं दुसरं एक रजिस्टर ठेवा, न आलेल्यांचं.

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात तुमचा ठरलेला वार असेल, समजा गुरुवार. सकाळी ओपीडी उघडण्याआधी नर्सने मागच्या महिन्याची यादी काढायची आणि आज यायला हवे होते पण दुपारपर्यंत आले नाहीत, त्यांच्या नावापुढे खूण करायची. सगळ्यांच्या मागे लागायला माणसं नसतात, म्हणून क्रम लावावा लागतो, आणि तो लावणं हे तुमचं काम. सायकोसिसचं (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटणाऱ्या आजाराचं) पहिलं वर्ष चालू असलेला, बायपोलर (अतिउत्साह आणि नैराश्य आलटून-पालटून येणारा), बाळंतपणानंतर आजारी पडलेली, गेल्या सहा महिन्यांत जिवाचं बरंवाईट करायचा प्रयत्न केलेला, क्लोझापिन या सतत लक्ष ठेवून द्यावं लागणाऱ्या औषधावर असलेला. या नावांना त्याच दिवशी फोन, फोन लागला नाही तर आशाताईकडून निरोप, आठवडाभरात पत्ता नाही तर सोशल वर्करची घरभेट. सौम्य नैराश्याचा, बरा होत आलेला माणूस एकदा चुकला तर जग बुडत नाही.

मग न येण्याची कारणं ऐका. तुमचं खरं शिक्षण तिथे सुरू होतं. ‘बरं वाटलं म्हणून सोडलं’ हे पुस्तकातलं कारण झालं. त्याखाली बरंच काही निघतं. तालुक्याला यायचं म्हणजे दोघांची मजुरी बुडते आणि वर एसटीचं भाडं. मुलीचं लग्न जमतंय, पाहुण्यांसमोर गोळ्या दिसायला नकोत. गोळीने भूक इतकी वाढली की सासू म्हणते, हिला आजार कसला, नुसती खायला लागली आहे. गोळीने अंग कडक झालं. आणि सर्वात चीड आणणारं कारण: ‘मागच्या वेळी आलो होतो, औषध संपलंय म्हणाले.’

अंग कडक होण्याबद्दल थोडं सांगतो. हॅलोपेरिडॉल सुरू केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एखाद्या तरुण पोराची मान एका बाजूला वळते, डोळे वर जातात, जीभ जड होते. तुमच्या लेखी ते डिस्टोनिया, प्रोमेथाझिनच्या एका इंजेक्शनने अर्ध्या तासात सुटणारं. घरच्यांच्या लेखी मात्र रात्री अकरा वाजता अंगणात ते बाहेरचंच, आणि औषधाने चवताळलेलं. त्या रात्री तो पोरगा देवऋषीकडे जातो, आणि त्या गल्लीतून पुढे वर्षभर कुणी तुमच्याकडे येत नाही. पहिल्याच दिवशी आईला नीट सांगितलं असतं, की असं असं होऊ शकतं, घाबरू नका, जवळच्या दवाखान्यात चिठ्ठी दाखवा, आणि तिथल्या डॉक्टरला आधीच माहीत असतं, तर ही वेळ येत नाही. तुम्ही औषध निवडताना ग्रंथातला परिणामकारकतेचा तक्ता बघाल. त्याबरोबर रात्री अकराला त्या गावात काय होईल हेही बघायला शिका.

औषध संपण्याबद्दल. मेडिकल कॉलेजात तुम्ही कधी मागणीपत्र भरलेलं नसणार. इथे तो तुमच्या हातातला सर्वात परिणामकारक कागद आहे. सोडियम व्हॅल्प्रोएट दोन महिने आलं नाही की तिसऱ्या महिन्यात मॅनियाचे (अतिउत्साहाच्या झटक्यातले) पेशंट दोरीने बांधून आणलेले दिसतात, आणि मिरगीवाले झटके घेऊन. स्टोअरच्या फार्मासिस्टशी मैत्री करा. कुठली गोळी महिन्याला किती लागते याचा आकडा स्वतः काढा, कारण तो तुमच्याशिवाय कुणाला काढता येत नाही. खरेदीची फाइल कुठे अडली आहे हे विचारायला सिव्हिल सर्जनच्या केबिनमध्ये जायला लाजू नका. औषधांची यादी आखूड ठेवा. ओलान्झापिन, रिस्पेरिडोन, एसिटालोप्राम किंवा फ्लुओक्सेटिन, व्हॅल्प्रोएट, महिन्याचं फ्लुफेनाझिन इंजेक्शन आणि अंगाचा कडकपणा घालवणारं ट्रायहेक्सिफेनिडिल बारमाही मिळत राहिलं, तर जिल्ह्याचं बहुतेक काम भागतं. बाळंतपणाच्या वयातल्या बाईला व्हॅल्प्रोएट देताना दहा वेळा विचार करा आणि ट्रायहेक्सिफेनिडिलच्या पट्ट्या मोजून द्या, त्या गोळीची चटक लागते. नवनवीन महाग मॉलिक्यूल लिहून पेशंटला बाहेरच्या मेडिकलमध्ये पाठवणं म्हणजे त्याचे उपचार दोन महिन्यांत बंद पाडणं.

मराठवाड्यात जाताय म्हणून एक खास गोष्ट. दसरा-दिवाळीच्या सुमाराला तुमची ओपीडी एकदम फुगेल आणि मग ओसरेल. ऊसतोडीला माणसं निघतात. बीड आणि आजूबाजूच्या भागातून कोयते पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांवर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, त्यामुळे आजारी आहे म्हणून थांबता येत नाही. आता स्किझोफ्रेनिया असलेल्या, गोळ्यांवर छान कामाला लागलेल्या बाईचं पाच-सहा महिन्यांचं काय करायचं? सहा महिन्यांच्या गोळ्या हातात देणं धोक्याचं, न देणं त्याहून धोक्याचं. मी जे करत आलो ते सांगतो. सप्टेंबरपासूनच प्रत्येकाला विचारायचं, यंदा जाणार का, कुठल्या कारखान्याला. जाणार असेल तर शक्य तिथे गोळ्यांवरून महिन्याच्या इंजेक्शनवर आणायचं आणि ते दिवाळीआधी दोनदा इथेच देऊन बसतंय का बघायचं. एका जाड कार्डावर आजार, औषध, डोस, पुढच्या तारखा मराठीत आणि औषधांची नावं इंग्रजीत. ते प्लास्टिकमध्ये घालून द्यायचं, कारण फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, सगळं भिजतं. टोळी जिथे उतरणार तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला एक फोन. मुकादमाला, म्हणजे टोळी नेणाऱ्याला, सांगायचं की नाही हे पेशंटला विचारून ठरवायचं. काही मुकादम चांगले असतात, काही ‘येडी आहे’ म्हणून मजुरी कापतात. लिथियम या बायपोलरच्या औषधावरचा माणूस असेल तर मला कायम भीती वाटते. उन्हात दिवसभर घाम, पाणी कमी, अंग दुखतं म्हणून डायक्लोफेनॅक, आणि लिथियमची पातळी चढत जाते. हात थरथरणं, जुलाब, तोल जाणं दिसलं की गोळी थांबवून दवाखाना गाठायचा, हे त्याला आणि बायकोला पाठ म्हणून दाखवायला लावायचं.

आता सांगा, यातलं किती ‘नुसतं गोळ्या लिहिणं’ आहे? आणि यातलं किती मनोविकारतज्ज्ञाशिवाय दुसरा कुणी ठरवू शकतो?

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना शिकवणं हा दुसरा मोठा भाग. जिल्ह्याच्या सभागृहात दोन दिवस प्रोजेक्टर लावून होणाऱ्या प्रशिक्षणाने हजेरीपट भरतो, जेवण चांगलं असतं, पण त्याने कुणाचा हात चालत नाही. एमओला, म्हणजे केंद्रातल्या डॉक्टरला, माहिती असते, त्याला भीती वाटते. ‘माझ्या गोळीने काही झालं तर?’ म्हणून त्याच्या ओपीडीत, त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसा. एक पेशंट तुम्ही बघा, एक त्याला बघू द्या. छातीत धडधड, हातापायाला मुंग्या, अंगात कणकण, डोकं जड, म्हणत सलाईन मागणाऱ्या बाईला दोनच प्रश्न विचारून नैराश्य कसं हाती लागतं हे त्याने एकदा डोळ्यांनी बघितलं, की तो विसरत नाही. झोपेसाठी-चिंतेसाठी दिली जाणारी अल्प्राझोलाम महिनोन्महिने लिहू नये, अमिट्रिप्टिलिनची सगळ्यात लहान गोळी म्हणजे नैराश्याचा उपचार नव्हे, औषध दोन आठवड्यांत ‘गुण नाही’ म्हणून बंद करू नये आणि गुण आल्यावर निदान सहा-नऊ महिने चालू ठेवावं, एवढं जरी तालुक्याच्या डॉक्टरांत रुजलं तरी फार झालं.

आणि उलट दिशेचंही शिकवा: मानसिक वाटणारं सगळं मानसिक नसतं. रोज दारू पिणारा माणूस पाय मोडून ऑर्थोच्या वॉर्डात पडतो, तिसऱ्या दिवशी त्याला भिंतीवर किडे दिसायला लागतात, तो सलाईन उपसतो, आणि वॉर्डातून निरोप येतो: ‘सर, पेशंट सायको झालाय, तुमच्याकडे घ्या.’ ते दारू तुटल्याचं डेलिरियम, म्हणजे मेंदूचा तात्पुरता गोंधळ, असतं. त्याला लोराझेपाम, पाणी-क्षार आणि ग्लुकोजच्या आधी थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) लागतं. ते चुकलं तर माणूस दगावतो. थायरॉईड, बी-१२ ची कमतरता, डोक्याला मार, मेंदूज्वर, बाळंतिणीचा ताप, म्हाताऱ्याच्या लघवीतला जंतुसंसर्ग, हे सगळे ‘वेड लागलं’ म्हणून येतात. मनोविकारतज्ज्ञ आधी डॉक्टर आहे, याचा उपयोग इथे कळतो. सायकॉलॉजिस्ट आणि सोशल वर्कर कितीही हुशार असले तरी ही चाळणी तुम्हीच लावायची.

समुपदेशनाबद्दल मात्र तुमचे सोबती अर्धे बरोबर आहेत. ते काम तुमच्याशिवाय होतं, आणि पुष्कळदा तुमच्यापेक्षा चांगलं होतं. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने सरकारी प्राथमिक केंद्रांत आणि खासगी दवाखान्यांत साध्या, स्थानिक, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांना तयार करून नैराश्य आणि चिंतेच्या पेशंटवर चाचणी घेतली. २०१० मध्ये तिचे निष्कर्ष आले. सरकारी केंद्रांत लोक जास्त प्रमाणात बरे झाले, खासगी डॉक्टरांच्या दवाखान्यांत मात्र तसा फरक दिसला नाही. विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्प झाला: गावातले कार्यकर्ते, समुपदेशक आणि गरजेपुरता मनोविकारतज्ज्ञ. तिथे नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. अशा रचनेत आपण कुठे बसतो? समुपदेशकाच्या मागे. दर आठवड्याला त्याच्या केसेस ऐकणं, ‘ही मला पाठव’, ‘इथे औषध नको, तूच चालू ठेव’, ‘ही बाई तुला मारहाणीबद्दल सांगते आहे, हा आजार नाही, घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे ने’ असं सांगणं. हे शांतपणे ऐकत बसणं आपल्या मंडळींना जड जातं. आपल्याला निदान करून मोकळं व्हायची सवय. पण जो समुपदेशक दर आठवड्याला कुणाशी बोलू शकत नाही तो सहा महिन्यांत उपदेशक होतो आणि वर्षभरात नोकरी सोडतो.

देवऋषी, भगत, दर्गा यांच्याबाबत तुमची भूमिका पहिल्या महिन्यातच ठरवा, कारण गाव तीच बघत असतं. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या मीरा दातार दर्ग्याच्या आवारात ‘दवा-दुआ’ नावाने मनोविकाराची ओपीडी चालते. मुजावर स्वतः माणसं तिकडे पाठवतात. श्रद्धेशी भांडण न करता उपचार सुरू करता येतात याचा हा चांगला दाखला. अंगारा लावा, गोळीही घ्या, हे मला चालतं. मारहाण, चटके, उपाशी ठेवणं, साखळदंड हे चालत नाही, आणि तिथे गुळमुळीत बोलू नका. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधल्या कलम ९५ ने साखळीने बांधायला सक्त मनाई केली आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ मनोरुग्णांना ठेवलेल्या आश्रमाला आग लागली तेव्हा २८ माणसं बांधलेली होती म्हणून पळू शकली नाहीत.

पण बाहेर देवस्थानात बांधलेला माणूस आणि घरात आईने बांधलेला माणूस यांत फरक करा. गोठ्यात एका पायाला साखळी असलेला तरुण दिसला की सोबतचा उत्साही कार्यकर्ता फोटो काढायला जातो. त्याला आधी थांबवा. आईशी बोला. तो रात्री विहिरीकडे जातो, मागच्या वर्षी हायवेवर सापडला होता, ती एकटी आहे आणि दिवसा दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. मग घोटा बघा. कडीखाली जखम असते, कधी चिघळलेली. ती धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन द्या. त्याने शेवटचं काय खाल्लं विचारा. तोंडात विरघळणारं ओलान्झापिन आईच्या हातून, आणि रोज संध्याकाळी आशाताईने डोकावायचं. साखळी त्याच दिवशी निघाली पाहिजे, पण ती निघाल्यावर आजची रात्र कोण बघणार याचं उत्तर तुमच्याकडे हवं: जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचाराच्या खाटेवर दाखल करणं, नाहीतर घरातला दुसरा माणूस. आईला गुन्हेगार ठरवून निघून आलात तर महिन्याने तो दुसऱ्या गोठ्यात सापडेल.

विष पिऊन आलेल्यांबद्दल मला सर्वात जास्त सांगायचं आहे, पण थोडक्यात सांगतो. कापूस-सोयाबीनच्या जिल्ह्यात हे रोजचं आहे. मेडिसिनच्या वॉर्डात अॅट्रोपिन हा विषावरचा उतारा चालू होतो, पोलिसांचा जबाब होतो, माणूस शुद्धीवर येतो आणि डिस्चार्ज घेऊन जातो. २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आहे, त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याला उपचार देणं ही सरकारची जबाबदारी आहे. म्हणून नियम घालून घ्या: मानसोपचार विभागाची नोंद झाल्याशिवाय विषप्राशनाच्या पेशंटचं डिस्चार्ज कार्ड निघणार नाही. सिव्हिल सर्जनच्या सहीचं एक परिपत्रक पुरतं. पुढे दीड वर्षं, ठरलेल्या अंतराने फोन किंवा भेट. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच देशांतल्या पाच ठिकाणी हेच करून पाहिलं. एक तासाभराचं बोलणं आणि नंतर अठरा महिने अधूनमधून संपर्क, एवढंच. त्या गटात आत्महत्येने झालेले मृत्यू कितीतरी कमी होते. यासाठी मनोविकारतज्ज्ञ लागत नाही, नर्स लागते. मनोविकारतज्ज्ञ लागतो तो हा नियम लावून घ्यायला आणि टिकवायला. आणि कृषी खात्याच्या बैठकीचं बोलावणं आलं तर जा. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि वीस वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. आपल्या सगळ्यांच्या ओपीडी मिळून एवढं कधी साधलं नसतं.

कागदपत्रांचा कंटाळा करू नका. दीर्घ मनोविकाराचं अपंगत्व मोजायला ‘आयडियाज’ ही मोजपट्टी आहे. ४० टक्के किंवा जास्त असेल तर दिव्यांग प्रमाणपत्र मिळतं, आणि त्यावर संजय गांधी निराधार योजनेसारखी मदत अवलंबून असते. प्रमाणपत्रासाठी तपासणाऱ्या बोर्डाच्या दिवशी तुम्ही रजेवर असलात तर दोनशे किलोमीटरवरून आलेली म्हातारी तशीच परत जाते. घरच्यांना महिन्याकाठी येणारे ते पैसे कधीकधी तुमच्या डोस वाढवण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतात, कारण मग पेशंट घरात ओझं राहत नाही.

येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांतून बरी होऊन येणारी माणसं ही अशीच विसरली जाणारी जबाबदारी. कलम १९ सांगतं की घरचे नेत नाहीत किंवा बाहेर सोय नाही एवढ्याच कारणाने कुणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही. रस्त्यावर भटकणारा मनोरुग्ण दिसला तर पोलिसांनी त्याला चोवीस तासांत सरकारी आरोग्य संस्थेत आणायचं, हेही कायद्यात आहे. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांच्या ‘श्रद्धा’ संस्थेने अशी हजारो माणसं बरी करून आपापल्या राज्यांत घरी पोचवली. त्या कामाला २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. घरी पोचल्यावर मात्र पुढचं औषध त्या जिल्ह्यातच मिळावं लागतं, म्हणजे तुमच्याकडे. मनोरुग्णालयातून कुणी सुटून येणार असेल तर तिथल्या सोशल वर्करने आठवडाभर आधी तुमच्या सोशल वर्करला फोन करायचा, एवढी व्यवस्था दोन फोनवर बसवता येते.

आता कडू भाग. नोकरी कंत्राटी आहे, मानधन कधी वेळेवर येत नाही, गाडी दुसऱ्या कार्यक्रमाला पळवली जाते, मंत्र्यांच्या शिबिराला हजर राहायचं फर्मान निघतं. जिल्ह्यात दुसरा मनोविकारतज्ज्ञ सरकारी सेवेत नसेल तर अवघड केसबद्दल बोलायला कुणी नसतं, आणि एकट्या माणसाचं निदान हळूहळू आखडत जातं, सगळेच पेशंट ओळखीच्या तीन-चार साच्यांत बसायला लागतात. शेजारच्या जिल्ह्यांतल्या तिघा-चौघांनी महिन्यातून एकदा फोनवर केसेस बोलाव्यात. रात्रीचे फोन सगळे तुम्ही घ्यायची गरज नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून चालू आहे, तो प्रत्येक केसपेपरवर शिक्का मारून द्या. आणि सकाळच्या सरकारी पेशंटला संध्याकाळच्या खासगी दवाखान्यात बोलावू नका. लहान जिल्ह्यात हे आठवड्यात सगळ्यांना कळतं, आणि मग आशाताई कुणाला पाठवताना कचरते.

जायचं की नाही हे ठरवण्याआधी एकदा त्या जिल्हा रुग्णालयात जाऊन या आणि चार गोष्टी विचारा. सोशल वर्कर आणि मनोविकार नर्सची पदं भरलेली आहेत का? आठवड्यातून किती दिवस गाडी नक्की मिळेल? दाखल करायला खाटा प्रत्यक्षात आहेत का, की फक्त कागदावर? आणि स्टोअरमध्ये आत्ता व्हॅल्प्रोएट किती महिन्यांचं शिल्लक आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं ‘नाही’ असतील आणि सिव्हिल सर्जन ‘बघू पुढे’ म्हणत असतील तर रुजू होऊ नका, कारण मग खरोखरच दिवसभर गोळ्या लिहीत बसाल. पदं भरलेली असतील तर बाकीचं वर्षभरात बसवता येतं. फार्मासिस्टने शेवटच्या प्रश्नाचं उत्तर रजिस्टर न उघडता दिलं, तर तो माणूस मोलाचा, त्याला हातचा जाऊ देऊ नका.